डॉक्टर बोंद्र्यांची लाकडी मुलं

डॉक्टर बोंद्रे लहान मुलाकडे पहिल्यांदा कधीच सरळ बघत नसत. मूल समोर आलं की ते आधी त्याच्या बुटांकडे बघायचे, मग आईच्या हातांकडे, मग खिडकीबाहेर. तेवढ्यात मूल त्यांना बघून घ्यायचं. "आधी त्याने मला तपासायचं, मग मी त्याला. हा शिष्टाचार आहे," असं ते सांगायचे. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात मुलांचे डॉक्टर म्हणून त्यांची उभी हयात गेली होती. त्यामुळे त्यांच्याबरोबर गावात हिंडणं ही एक शिक्षाच असे. बसमध्ये, भाजीच्या मार्केटात, पोस्टाच्या रांगेत कोणीतरी धिप्पाड, टॅटूवाला बाप्या त्यांना अडवायचा आणि ओरडायचा, "डॉक्टर बॉन्ड्री! यू डिड माय चेस्ट!" मग डॉक्टर त्याच्या बुटांकडे बघायचे.

मी त्यांना ओळखू लागले ते दोन हजारच्या दशकाच्या मध्यावर. नवऱ्याच्या व्हिसावर पुण्याहून नॉटिंगहॅमला आले होते. तो दिवसभर बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि मी दिवसभर खिडकीत. शेवटी कंटाळून कौन्सिलच्या आर्ट गॅलरीत व्हॉलंटियर म्हणून नाव दिलं. काम एवढंच, की खोलीच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसायचं आणि कोणी कशाला हात लावला की "प्लीज डोन्ट टच" म्हणायचं. लोकांना हात लावू नका म्हणून सांगायचं काम पुण्याच्या माणसाला शिकवावं लागत नाही. पहिल्याच दिवशी मी एका आजीबाईंना असं काही बजावलं, की समोरच्या कोपऱ्यातून खुसुखुसु हसणं ऐकू आलं. तिथल्या खुर्चीवर एक सडसडीत म्हातारे गृहस्थ बसले होते, तेही व्हॉलंटियरच. अंगात ट्वीडचा कोट, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज.

"पुणे?" त्यांनी विचारलं.

"हो. कसं ओळखलंत?"

"आवाजावरून. मी बोंद्रे. कऱ्हाडचा. तू मला काका म्हण, इथे सगळे डॉक्टर म्हणतात, कंटाळा आलाय."

मी त्यांना डॉक्टरकाका म्हणू लागले आणि ते मला शेवटपर्यंत 'पुणेकर' म्हणत राहिले. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे.

त्यांची मराठी साठच्या दशकात विमानात बसली ती तशीच इथे उतरलेली. चहा 'फक्कड' असायचा, सिनेमा 'बेष्ट' असायचा, आणि एखादा माणूस आवडला नाही तर तो 'नतद्रष्ट'. हा शब्द मी त्याआधी फक्त आमच्या आजोबांकडून ऐकला होता. त्यातच नॉटिंगहॅमची बोली मिसळलेली. इथले लोक प्रेमाने समोरच्या कोणालाही 'मी डक', म्हणजे 'माझं बदक', म्हणतात, बसचा ड्रायव्हरसुद्धा. डॉक्टर मला म्हणायचे, "बस गं, मी डक, जरा टेक. उभी राहून काय ही चित्रं पळून जाणारेत?" बायको सुधाकाकू, त्याही डॉक्टर, दोनेक वर्षांपूर्वी गेल्या होत्या. गॅलरीत का येता म्हणून विचारलं तर म्हणाले, "घरी भिंती बघत बसतो. इथल्या भिंतींवर निदान काहीतरी लावलेलं असतं."

कोटाच्या उजव्या खिशात जेलीच्या गोळ्या असायच्या. गॅलरीत खाण्याचा पदार्थ आणायला सक्त मनाई होती. आमची मॅनेजर लिंडा त्यांना दर आठवड्याला समज द्यायची आणि ते दर आठवड्याला "क्वाइट राइट, लिंडा" म्हणून तिलाच एक गोळी द्यायचे. येणाऱ्याजाणाऱ्यांची चाल बघून ते खुर्चीतूनच निदान करत. "या बाईचा डावा खुबा गेला." "ह्याने काल जास्त घेतलीय." मुलांच्या बाबतीत मात्र त्यांची थट्टा थांबायची. शाळेची सहल आली आणि चार मुलं कल्ला करू लागली, तर आम्ही सगळे त्या चौघांच्या मागे. डॉक्टर जायचे ते पाचव्याकडे, जे भिंतीला टेकून गप्प उभं असेल त्याच्याकडे. वॉर्डात नव्याने आलेल्या डॉक्टरांना ते पहिल्या दिवशी हेच सांगत. "रडणाऱ्याला रडू दे, त्याच्या अंगात जोर आहे. गप्प पडलाय त्याच्याकडे आधी पळ." त्यांच्या हाताखालून गेलेले लोक अजून हे वाक्य त्यांच्या आवाजात म्हणून दाखवतात, असं लिंडा सांगायची. तिचा भाचा त्यांच्याकडे शिकला होता.

त्या शरद ऋतूत गॅलरीत जपानी मुलं आली.

एका जपानी शिल्पकाराचं प्रदर्शन होतं. दहाबारा लाकडी पुतळे, सगळे लहान मुलांचे. मोठ्या खोक्यांतून ते निघाले आणि खोलीभर असा वास सुटला की मी चमकून डॉक्टरांकडे बघितलं. तेही माझ्याकडेच बघत होते. आरती नुकतीच होऊन गेल्यासारखा वास. "कापूर!" आम्ही दोघं एकदमच म्हणालो. लिंडा म्हणाली, सर्दीच्या मलमाचा वास येतोय. ती मुलं कापराच्या झाडाच्या लाकडातून कोरलेली होती, आणि पुढे दोन महिने गॅलरीतून घरी गेले की नवरा म्हणायचा, देवळातून आलीस का.

मुलं साधी होती. हात बाजूला सोडून ताठ उभी, डोकी शरीराच्या मानाने किंचित मोठी, अंगावर जुन्या पद्धतीचे शर्ट आणि फ्रॉक, रंग इतका पातळ की खालच्या लाकडाच्या रेषा दिसाव्यात. गालांवर छिन्नीचे बारीक घाव तसेच ठेवलेले. आणि डोळे मात्र खरे, म्हणजे स्फटिकाचे, ओले वाटणारे. ते बाहेरून बसवलेले नव्हते. डोकं आतून पोकळ करायचं, चेहरा मुखवट्यासारखा वेगळा काढायचा, आतल्या बाजूने डोळे बसवायचे आणि मग चेहरा पुन्हा जोडायचा, अशी ती रीत. जपानात देवांच्या मूर्तींचे डोळे पूर्वी असे बसवत, असं भिंतीवरच्या पाटीवर लिहिलं होतं. एकही मूल हसत नव्हतं. एकही रडत नव्हतं. समोर उभं राहिलं तर ते तुमच्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघायचं, आणि आपण नकळत मागे वळून बघायचो.

डॉक्टर पहिल्याच दिवशी खुर्ची सोडून उठले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी राउंडच सुरू केला. दरवाजे उघडण्याआधी हात पाठीमागे बांधून ते एकेका मुलापुढे थांबत आणि मी मागून नर्ससारखी चालत असे.

"ह्या मुलीचा कान दुखतोय. सांगत नाहीये. मान बघ कशी धरलीय."

"काका, ते लाकूड आहे."

"म्हणून काय झालं? ही बघ, ही थोरली. हिच्या पाठीवर दुसरं झालंय नुकतंच. आता हिला कोणी मांडीवर घेत नाही. हा तिसरा मस्त आहे, ह्याला डिस्चार्ज."

शेवटी, खिडकीपाशी, सहासात वर्षांचा एक मुलगा उभा होता. मोठी होणारी, गुडघ्याखाली आलेली अर्धी चड्डी, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, ओठ जरासे उघडे. त्याच्यापाशी आले की डॉक्टर थांबायचे नाहीत. सरळ खुर्चीकडे वळायचे. दोनचार दिवस मी हे बघितलं आणि एकदा विचारलंच, "ह्याचं काय?"

"हा घाबरलाय," ते म्हणाले. "तोंड उघडं आहे बघ. श्वास वर अडकलाय." आणि खुर्चीवर जाऊन पेपर उघडून बसले.

त्या आठवड्यात शिल्पकार स्वतः बोलायला आला. पन्नाशीचा, डोक्यावर विणलेली टोपी, हातांची बोटं आमच्याकडच्या सुतारांसारखी. शेजारी एक दुभाषी मुलगी. खुर्च्या मांडल्या होत्या, वाइन होती, गावातली झाडून सगळी कलाप्रेमी मंडळी होती. एका बाईंनी डोळ्यांत पाणी आणून विचारलं, की हा इतका निरागसपणा तुम्ही लाकडात कसा पकडता? शिल्पकार खूप वेळ आपल्या बुटांकडे बघत राहिला. डॉक्टर माझ्या कानात म्हणाले, "माणूस बरा दिसतोय." मग त्याने जपानीत काहीतरी सांगितलं आणि दुभाषी मुलगी जरा संकोचून म्हणाली, "ते म्हणतात, मी निरागसपणा कोरत नाही, मी मूल कोरतो. निरागसपणा मोठ्या माणसांना हवा असतो, म्हणून त्यांना तो दिसतो."

बाई नाराज झाल्या. डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी हात वर केला. मला वाटलं आता काही तरी खवचट विचारणार. पण ते उभे राहिले आणि खिडकीजवळच्या मुलाकडे बोट करून त्यांनी अगदी हळू विचारलं, "दॅट बॉय. ही इज फ्राइटन्ड. हू इज ही वेटिंग फॉर?"

शिल्पकाराने मुलाकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. उत्तर लहानच होतं. "तो वाट बघत नाहीये," दुभाषी म्हणाली. "त्याला आत्ताच कोणीतरी दिसलं आहे."

"नॉन्सेन्स," डॉक्टर खाली बसत मराठीत पुटपुटले, म्हणजे त्यांना वाटलं ते मराठी आहे. "चाळीस वर्षं मुलं बघतोय मी. हा मला शिकवणार!"

पण त्यानंतर त्यांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. दोन दिवसांनी स्टाफरूममध्ये चहा घेताना, मी काही न विचारता, त्यांनी मला सगळं सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, किटलीकडे बघत होते.

ते आणि सुधाकाकू इथे आले तेव्हा मुलगा शिरीष दोन वर्षांचा होता. दोघांनाही हॉस्पिटलातली नोकरी, दोघांनाही ऑन-कॉल, राहायला हॉस्पिटलचीच खोली आणि तिथे मुलांना परवानगी नाही. म्हणून शिरीषला कऱ्हाडला आजीकडे ठेवला. वर्षभरासाठी. "तेव्हा आमच्यातले पुष्कळ जण असं करायचे. कोणाचा मुलगा सांगलीला, कोणाची मुलगी नागपूरला. पार्टीत भेटलो की एकमेकांच्या मुलांचे फोटो बघायचो." एका वर्षाची दोन झाली, परीक्षा आल्या, मग सुधाकाकूंची नोकरी बदलली, मग घर घ्यायचं ठरलं. दिवसभर डॉक्टर इंग्रजांच्या मुलांना मांडीवर घेऊन गोष्टी सांगत होते आणि त्यांचं पोर कऱ्हाडला आजीच्या कुशीत मोठं होत होतं. अखेर शिरीष सात वर्षांचा झाल्यावर त्याला आणलं. एकट्याला विमानात बसवलं, एअर होस्टेसच्या स्वाधीन. त्या दिवशी काकूंची ड्युटी होती. डॉक्टर एकटे हीथ्रोला गेले.

"आला दारातून," ते म्हणाले. "माझ्या आईने शिवलेली चड्डी, वाढत्या अंगाची. गळ्यापर्यंत बटणं. तस्सा उभा राहिला. मी पाच वर्षांनी बघत होतो गं त्याला. मला काय करावं कळेना. उचलून घ्यावं तर मोठा झालेला. हात मिळवावा तर लहान. मग माझ्या हातांना जे येत होतं ते मी केलं. खाली वाकलो आणि त्याची पापणी खाली ओढून बघितली. फिकट होती. म्हटलं, जीभ दाखव. त्याने दाखवली. मी म्हटलं, गुड बॉय."

चहा निवून गेला होता.

"तेव्हापासून तो गुड बॉयच आहे," डॉक्टर म्हणाले. "कधी हट्ट केला नाही. कधी रडला नाही. सुधा म्हणायची, किती शहाणं बाळ. आणि मीही म्हणायचो, हो, किती शहाणं. मी! वॉर्डात शिकाऊ डॉक्टरांना काय शिकवत होतो आणि घरी काय करत होतो."

शिरीष आता चाळिशीचा होता. ब्रिस्टलला विमानांच्या कंपनीत मोठा इंजिनिअर, स्वतःचं घर. तो दर रविवारी फोन करायचा, वाढदिवसाला भारीतला स्वेटर पाठवायचा, बॉयलर बिघडला की ब्रिस्टलहून माणूस शोधून धाडायचा. बापलेकांत कधी शब्दाने शब्द वाढला नव्हता, आणि डॉक्टरांना तेच सलत होतं. "एकदा तरी भांडावं त्याने. एकदा म्हणावं, तुम्ही मला टाकून गेलात. मग मला माफी मागता येईल. तो संधीच देत नाही, नतद्रष्ट." असं म्हणून ते हसले, आणि ते हसणं मला बघवलं नाही.

आता त्यांनी मनाशी ठरवलं होतं, की प्रदर्शन संपायच्या आत शिरीषला इथे आणायचं. त्या मुलापुढे उभं करायचं. दाखवायचं, की हा तू, आणि मी तुला बघितलं होतं, तू घाबरला होतास हे मला कळलं होतं, फक्त मला त्याचं काही करता आलं नाही. मग माफी मागायची. मराठीत. "आय अ‍ॅम सॉरी मी बसमध्ये धक्का लागला तरी म्हणतो. ते चालायचं नाही." पण मराठीत काय म्हणायचं हे ठरेना. 'मला क्षमा कर' नाटकातलं वाटायचं. 'माफ कर' सिनेमातलं. 'माझं चुकलं' हे त्यातल्या त्यात बरं, पण ते चहात साखर जास्त पडली तरी म्हणतात, अशी त्यांची तक्रार. रोज राउंड झाला की मला विचारायचे, "हे कसं वाटतं बघ," आणि एखादं वाक्य म्हणून दाखवायचे. आपल्या लोकांनी मुलांची माफी मागायला शब्दच करून ठेवले नाहीत, असं ते एकदा चिडून म्हणाले. मी म्हटलं, "काका, तुम्ही नुसतं 'माझं चुकलं, शिरीष' म्हणा. नाव घेतलंत की पुरे." ते त्यांना पटलं. मग ते तेवढंच घोटू लागले.

शिरीष मात्र येईना. "विल ट्राय, डॅड. वर्क्स मॅड अ‍ॅट द मोमेंट." पुढचा रविवार म्हणता म्हणता रविवार संपत आले. डॉक्टर फोन ठेवून यायचे आणि त्या मुलाकडे न बघता खुर्चीवर बसायचे. शेवटच्या आठवड्यात त्यांनी लिंडाला विचारलं, की जपान्यांना सांगून एकच पुतळा थोडे दिवस ठेवून घेता येईल का. लिंडाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि नाही म्हणून सांगितलं.

शेवटच्या रविवारी, दुपारी, तो आला. मी खोलीतच होते. उंच माणूस, कानांपाशी केस पांढरे, हातात गाडीची किल्ली. डॉक्टर लगबगीने उठले, त्यांचा पेपर खाली पडला. "ये, ये. ही पुणेकर. ही इथेच असते." शिरीषने मला नीट वाकून नमस्कार केला. इतकं चांगलं वळण बघून मला उगाचच वाईट वाटलं.

ते दोघं मुलापुढे जाऊन उभे राहिले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी बाहेर जायला उठले तर डॉक्टरांनी हातानेच मला बस म्हणून खुणावलं. त्यांना बहुतेक एकट्याला भीती वाटत होती.

"ओळखलंस?" त्यांनी विचारलं.

"हू इज इट?"

"तू. हीथ्रोला."

शिरीष पुढे झुकून बघू लागला. बराच वेळ बघत होता. डॉक्टरांनी घसा खाकरला. मला दिसत होतं, वाक्य आता येणार. तेवढ्यात शिरीषच्या चेहऱ्यावर हसू आलं, अगदी मोकळं, आणि तो इंग्रजीत म्हणाला, "काय सुरेख केलंय! हा काहीतरी बोलणार आहे."

"घाबरलाय तो," डॉक्टर म्हणाले.

"छे, डॅड. घाबरलेला कुठे? मी तरी घाबरलो नव्हतो. आय वॉज सो एक्साइटेड!" आणि मग तो सांगू लागला, एखादी गंमत सांगावी तसं. तिकीट आल्या दिवसापासून आजीने त्याच्याकडून एक वाक्य पाठ करून घेतलं होतं. बाबा दिसले की हे म्हणायचं. विमानात तो ते वाक्य सारखं मनात म्हणत होता. एअर होस्टेसलाही म्हणून दाखवलं, तिला काही कळलं नाही, तिने त्याला संत्र्याचा रस आणून दिला. दारातून बाहेर आला, बाबा दिसले. फोटोत होते तसेच होते. तो तोंड उघडणार, एवढ्यात बाबा वाकले.

"आज्जी रोज म्हणायला लावायची ना, अंघोळीच्या आधी," तो एकदम मराठीत म्हणाला. त्याची मराठी सात वर्षांच्या मुलाची होती, कऱ्हाडची, हेल काढणारी. तिथून पुढे ती वाढलीच नव्हती. "मग तुम्ही जीभ दाखव म्हणालात. मग जीभ बाहेर. मग कसं बोलायचं?" आणि तो हसला. त्याला खरंच त्यात काही दुखणारं वाटत नव्हतं, किंवा वाटत असेल तर ते त्याने कधीच कुठेतरी नीट घडी घालून ठेवून दिलं होतं.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी शिरीषच्या कोटाची बाही धरली. "काय वाक्य होतं?"

"हं?"

"आज्जीने काय शिकवलं होतं? काय म्हणणार होतास तू?"

शिरीष आठवू लागला. खरोखर, कपाळाला आठ्या घालून. मग त्याने मान हलवली. "विसरलो."

"आठव ना."

"नाही ना आठवत, बाबा. खरंच." आणि मग पुन्हा इंग्रजीत, हळुवारपणे, जसं म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तसं म्हणाला, "डॅड, इट्स ऑलराइट. इट्स ऑल अ लाँग टाइम अगो. शॅल वी गेट सम लंच?"

डॉक्टर "हो, हो, जेवायला जाऊ" म्हणाले. इतके दिवस घोटलेलं 'माझं चुकलं, शिरीष' त्यांनी म्हटलं नाही. कशाची माफी मागायची होती तेच त्यांच्या पायाखालून निघून गेलं होतं. घाबरलेल्या मुलाची माफी त्यांनी तयार करून आणली होती, आणि तसा मुलगा तिथे कधी आलाच नव्हता. आलेला मुलगा दुसराच होता, आणि त्याला त्यांनी बघितलंच नव्हतं. जाताना शिरीषने बापाचा पडलेला पेपर उचलून, घडी घालून खुर्चीवर ठेवला. मला त्याचा राग आला. मग वाटलं, त्याचा काय दोष? त्याला जे शिकवलं तेच तो करत होता.

दुसऱ्या दिवशी पांढरे हातमोजे घातलेली माणसं आली आणि मुलांना एकेक करून खोक्यांत निजवू लागली. डॉक्टर आले नाहीत. कापराचा वास पुढे काही आठवडे त्या खोलीत राहिला. तिथे नदीची चित्रं लागली तरी येणारे लोक नाक वर करून विचारायचे, हा वास कसला. लिंडा त्यांना सर्दीच्या मलमाचं सांगायची.

पुढच्या वसंतात नवऱ्याचं काम लंडनला निघालं आणि आम्ही वॉटफर्डला घर बघितलं. जायच्या आधी मी डॉक्टरांना गॅलरीबाहेरच्या बस स्टॉपवर गाठलं. हिवाळ्यात त्यांना न्युमोनिया होऊन गेला होता, कोट अंगावर मोठा दिसत होता. ते पुढे वर्षभरातच गेले. मला ते फार उशिरा कळलं, त्यामुळे माझ्या दृष्टीने ही शेवटची भेट.

त्यांनी माझी चौकशी केली नाही, वॉटफर्डची केली नाही. मी नमस्कार करून उभी राहते न राहते तोच म्हणाले, "काय गं पुणेकर, कऱ्हाडची म्हातारी नातवाकडून काय पाठ करून घेईल?"

"'बाबा, मी आलो' असं असेल," मी म्हटलं.

"तेवढ्यासाठी पाठांतर कशाला लागतं? ते कोणीही म्हणेल. माझी आई फार धोरणी होती, ती असं साधं काही शिकवायची नाही." ते रस्त्याकडे बघत होते. "मला एकदा वाटलं, 'आई कुठे आहे' असं असेल. ती आली नव्हती ना. पण माझ्या आईला आधी कुठे माहीत होतं की सुधाची ड्युटी लागणार? मग वाटलं, 'आता मी तुमच्याजवळच राहणार' असं असेल. ते मला जवळचं वाटतं. ते म्हणायला बरं आहे सात वर्षांच्या पोराला." आणि त्यांनी ते अगदी बारीक आवाजात, एकेक शब्द सुटा करून, म्हणून बघितलं. शेजारी उभ्या असलेल्या बाईने आमच्याकडे वळून बघितलं.

"काका, त्यालाच परत विचारा ना."

"विचारलं की. दर रविवारी विचारतो. खरंच विसरलाय. तो खोटं बोलत नाही, गुड बॉय आहे." बस लांबून येताना दिसू लागली तेव्हा त्यांनी माझ्या दंडाला धरलं. "पण मी काय म्हणतो, समज, ते आठवलं त्याला. समज, मी त्या दिवशी जीभ दाखव म्हणालोच नाही, आणि त्याने ते वाक्य म्हटलं. स्वच्छ, न अडखळता. पुढे मी काहीतरी बोलायला हवं होतं ना? ते मला अजून सुचलेलं नाही गं."

बस थांबली. ड्रायव्हर त्यांना "मॉर्निंग, मी डक" म्हणाला, त्यांनी पास दाखवला आणि खिडकीशी जाऊन बसले. मी हात हलवला. त्यांनी बघितलं नाही. पुढच्या सीटच्या पाठीकडे, लहान मुलाचं तोंड जेवढ्या उंचीवर असतं तिथे, ते टक लावून बघत होते, आणि बस वळेपर्यंत त्यांचे ओठ काही हलले नाहीत.